दोन वह्यांचे एक गणित : दहावीच्या फेरमांडणीच्या प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

शाळा आज सुरू झाली. कळव्यातील आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीचे गणित आजवर एका शिक्षकाकडे भाग १ (बीजगणित) आणि दुसऱ्याकडे भाग २ (भूमिती) असे वाटलेले असे. गणित विभागाच्या प्रमुख असलेल्या बाईंनी यंदा ही वाटणी मोडली आहे. ‘अ’ तुकडीचे दोन्ही भाग त्या स्वतः घेतील आणि ‘ब’ तुकडीचे मी घेईन. प्रकरणांचा क्रम दोन्ही वर्गांत सारखाच राहील आणि तो बाई ठरवतील. वर्षभराच्या नोंदी ठेवण्याचे काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिले आहे.

जुन्या वाटणीला परीक्षेचा आधार आहे, हे मान्य करायला हवे. मंडळाच्या परीक्षेत बीजगणिताचा आणि भूमितीचा पेपर वेगवेगळ्या दिवशी होतो. प्रत्येकी ४० गुण, प्रत्येकी दोन तास, आणि उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. पुस्तके दोन, त्यामुळे वह्या दोन, आणि क्लासमधील वारही वेगळे. याचा परिणाम असा होतो की भूमितीच्या तासाला समीकरण मांडायची वेळ आली, तर मुले ‘हे भाग १ मधले आहे’ असे म्हणून हात आखडता घेतात. बाईंचे म्हणणे असे आहे की दोन संगत बाजूंचे गुणोत्तर ही एकच गोष्ट समरूपतेत, रेषेच्या चढात, रेषीय समीकरणाच्या आलेखात आणि त्रिकोणमितीत पुन्हा पुन्हा येते. पुस्तकात मात्र तिची ठिकाणे इतकी दूरदूर आहेत की मुलांना चारही वेळा काहीतरी नवीन सुरू झाल्यासारखे वाटते.

त्यानुसार ठरलेला क्रम असा आहे : आधी भाग २ मधील समरूपता, लगेच पाचव्या प्रकरणातील चढ, मग भाग १ चे पहिले प्रकरण म्हणजे दोन चलांतील रेषीय समीकरणे, आणि नंतर वर्गसमीकरणे. वर्तुळ आणि भौमितिक रचना दिवाळीनंतर घ्यायच्या आहेत. वर्तुळाचे प्रकरण मोठे आहे, त्यात प्रमेये पुष्कळ आहेत आणि ते इतके मागे ढकलणे मला धोक्याचे वाटते. तसे मी सभेत सांगितले असून ते येथेही नोंदवतो.

२४ जून २०२५, मंगळवार

प्रमाणाचे मूलभूत प्रमेय घेतले. त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असलेली रेषा उरलेल्या दोन बाजूंना भिन्न बिंदूंत छेदत असेल, तर ती त्या बाजूंना एकाच प्रमाणात विभागते, हे विधान क्लासला जाणाऱ्या मुलांना आधीच पाठ होते. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या शीर्षकांखालील ओळीही त्यांनी धडाधड म्हणून दाखवल्या. बाईंनी फळ्यावर आकृती काढली, पण शिरोबिंदूंची अक्षरे मुद्दाम बदलली आणि समांतर रेषा आडवी न काढता तिरपी काढली. त्याबरोबर पाठांतर तिथेच अडखळले.

त्यानंतर बाईंनी सिद्धता शेवटाकडून उलगडली. दोन त्रिकोणांची उंची समान असेल, तर त्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर त्यांच्या पायांच्या गुणोत्तराइतके असते, एवढेच हाताशी धरायचे. समांतर रेषेने वरचा लहान त्रिकोण कापला जातो आणि खाली समलंब चौकोन राहतो. त्या चौकोनाचे दोन्ही कर्ण जोडले की लहान त्रिकोणाला लागून असे दोन त्रिकोण मिळतात, ज्यांचा पाया एकच आहे आणि जे त्याच दोन समांतर रेषांच्या मध्ये बसलेले आहेत. म्हणून त्यांची क्षेत्रफळे समान. वरच्या त्रिकोणाशी एकाची तुलना केली की डाव्या बाजूचे गुणोत्तर मिळते आणि दुसऱ्याशी केली की उजव्या बाजूचे. समांतर रेषा या सगळ्यात नेमक्या एकाच पायरीवर कामाला येते. “समांतर हा शब्द पुसून टाकला, तर सिद्धता कुठे अडेल ते दाखवा,” हा बाईंचा प्रश्न होता. माझ्या तुकडीत मी तोच प्रश्न विचारला आणि बऱ्याच मुलांनी ती पायरी बिनचूक दाखवली. कारणे लिहिण्याच्या सवयीसाठी याहून चांगला प्रश्न मला तरी माहीत नाही.

१५ जुलै २०२५, मंगळवार

चढ शिकवण्यासाठी शाळेच्या दारातील उताराचा उपयोग केला. चाकाच्या खुर्चीसाठी केलेल्या उताराचे प्रमाण साधारणपणे १ : १२ हून तीव्र नसावे असा संकेत आहे. आपल्या शाळेचा उतार त्यात बसतो का, हे तपासायचे काम मुलांना दिले. एका मुलाचे वडील गवंडीकाम करतात. तो घरून पाणसळ, ओळंबा आणि मोजपट्टी घेऊन आला आणि पाणसळीतला बुडबुडा मध्यावर कसा आणायचा, हे त्यानेच इतरांना शिकवले.

मोजमाप असे आले : उताराच्या पृष्ठावरून मोजलेली लांबी ४५२ सेंटिमीटर आणि चढलेली उंची ४५ सेंटिमीटर. मुलांनी लगेच ४५ ला ४५२ ने भागले. बाईंनी तिथे थांबवून विचारले की चढ काढताना तिरपे अंतर घ्यायचे की आडवे. आडवे अंतर थेट मोजता येत नव्हते, कारण मध्ये सिमेंट होते. तेव्हा पायथागोरसचे प्रमेय कामी आले : ४५२ चा वर्ग २०४३०४, त्यातून २०२५ वजा केले की २०२२७९, आणि त्याचे वर्गमूळ जवळजवळ ४४९.८. म्हणजे चढ साधारण १ : १० भरला आणि उतार असायला हवा त्यापेक्षा तीव्र ठरला. मुलांनी हे मुख्याध्यापकांना लेखी कळवले आहे. ४५२ आणि ४५० यांत फरक इतका कमी का आला, याची चर्चा मात्र अर्धवट सोडली. ती त्रिकोणमितीच्या वेळी पुन्हा घ्यायची आहे.

उताराच्या मध्यावर आणि पावभागावर पाणसळ धरून मुलांनी तेच गुणोत्तर पुन्हा काढले. ते सारखेच आले आणि का आले, हे आता सांगता येत होते : लहानमोठे सगळे काटकोन त्रिकोण कोको (कोन-कोन) कसोटीने समरूप आहेत. रेषेवरील कोणतेही दोन बिंदू घेतले तरी चढ तोच येतो, हे पुस्तकातील वाक्य मुले एरवी नियम म्हणून स्वीकारतात. समरूपतेनंतर लगेच घेतल्यामुळे ते वाक्य सिद्ध करता आले. एवढ्यासाठी तरी क्रम बदलल्याचे सार्थक झाले, असे मला वाटते.

तासाच्या शेवटी बाईंनी कसारा घाटाचा उल्लेख केला. आपल्याच ठाणे जिल्ह्यातील या घाटात लोहमार्गाचा चढ १ : ३७ आहे आणि गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. कोन किती असेल, असे विचारल्यावर अंदाज वीस अंशांपासून चाळीस अंशांपर्यंत आले. प्रत्यक्षात तो सुमारे दीड अंश आहे. कोनमापकावर दीड अंश काढून पाहिल्यावर वर्गाचा विश्वास बसेना.

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

रेषीय समीकरणे. सुरुवात रिक्षाच्या भाड्याने केली. फेब्रुवारीपासून मुंबई महानगर प्रदेशात पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७.१४ रुपये असा दर आहे. मुलांनी आलेख काढला. दीड किलोमीटरपर्यंत आडवी रेषा, पुढे चढती. ‘आडव्या भागाचा चढ शून्य, पुढच्या भागाचा चढ १७.१४’ हे वाक्य एका मुलीने न विचारता म्हटले. १७.१४ गुणिले १.५ म्हणजे २५.७१, हे कळल्यावर किमान भाडे २६ च का ठरले असेल, तेही उमगले. (कळव्यात मीटर डाऊन झालेली रिक्षा मुलांनी क्वचितच पाहिली आहे. येथे स्टेशनबाहेर सगळा कारभार शेअर रिक्षाचा, म्हणजे सीटमागे ठरलेल्या भाड्याचा असतो, त्यामुळे त्यांच्या अनुभवातला आलेख एक आडवी रेषाच आहे.)

एकसामयिक समीकरणांसाठी लोकल घेतली. ठाण्याहून धीमी लोकल मिनिटाला ०.६ किलोमीटर या सरासरी वेगाने निघाली आणि दहा मिनिटांनी जलद लोकल ०.८ च्या वेगाने निघाली, तर ती धीमीला कुठे गाठेल? रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांच्या हालचाली अशाच काळ आणि अंतराच्या आलेखावर दाखवतात. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेषा आणि तिचा चढ म्हणजे वेग. आलेखात छेदनबिंदू ४० मिनिटे आणि २४ किलोमीटर असा आला. निश्चयकांच्या (सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांतील फरकाच्या) साहाय्याने, म्हणजे क्रेमरच्या पद्धतीने, उत्तर तेच आले. ठाण्यापासून २४ किलोमीटर म्हणजे दादरच्या थोडे अलीकडे, हे मुलांनीच सांगितले. वेग समान असता तर निश्चयक शून्य झाला असता आणि रेषा समांतर राहिल्या असत्या. ही जोड क्लासच्या वहीत नव्हती.

मुलांना १८५३ ची गोष्टही येथेच सांगितली. १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीने ३४ किलोमीटरचे अंतर ५७ मिनिटांत कापले, असे सांगतात. तिचा सरासरी वेग ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास येतो आणि आजची धीमी लोकलही साधारण तेवढाच वेळ घेते. यावर वर्गात जो हशा पिकला, त्यात आजची गाडी मध्ये प्रत्येक स्थानकावर थांबते हा मुद्दा वाहून गेला. सोमवारी तो पुन्हा मांडावा लागेल.

२० ऑगस्ट २०२५, बुधवार

अतिवृष्टीमुळे काल सुट्टी होती. वर्गसमीकरणे पुढे ढकलली.

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

पूर्ण वर्ग पद्धती. पुस्तकात ती पायऱ्यांनी येते : क्ष च्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग मिळवा आणि वजा करा. बाईंनी ती पुठ्ठ्यावर घेतली. समीकरण निवडले ते नवव्या शतकात बगदादमधील अल्-ख्वारिज्मीने याच रीतीने सोडवलेले : क्ष चा वर्ग अधिक १० क्ष बरोबर ३९. क्ष बाजूचा एक चौरस कापायचा. दहा क्ष म्हणजे १० रुंदीचा आयत, तो उभा चिरून ५ रुंदीच्या दोन पट्ट्या करायच्या आणि चौरसाच्या दोन बाजूंना चिकटवायच्या. कोपऱ्यात ५ बाय ५ ची जागा रिकामी राहते. ती भरली की मोठा चौरस पूर्ण होतो, त्याचे क्षेत्रफळ ३९ अधिक २५ म्हणजे ६४, बाजू ८, आणि म्हणून क्ष बरोबर ३. ‘मिळवा’ म्हणजे नेमके काय मिळवायचे, ते पहिल्यांदाच डोळ्यांना दिसले.

एका मुलाने विचारले की दुसरे मूळ, उणे १३, पुठ्ठ्यात कुठे आहे. ते पुठ्ठ्यात नाही. लांबी ऋण नसते. अल्-ख्वारिज्मीनेही ते विचारात घेतले नव्हते. म्हणून चित्राने पद्धत समजून घ्यायची आणि दोन्ही मुळे बीजगणिताने काढायची, हे बाईंनी स्पष्ट सांगितले. चित्राच्या प्रेमात पडणाऱ्या शिक्षकांनी (त्यांत मीही आलो) हा तास लक्षात ठेवावा.

पुढच्या तासाला सहगुणक विषम घेतला : क्ष चा वर्ग अधिक ५ क्ष बरोबर १४. निम्मे अडीच, वर्ग सव्वासहा, आणि अपूर्णांकांत निम्मा वर्ग गळाला. येथे श्रीधराचार्यांची युक्ती सांगितली : दोन्ही बाजूंना क्ष-वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने आधीच गुणायचे. मग डावीकडे (२ क्ष) चा वर्ग आणि २० क्ष, उजवीकडे ५६. दोन्हीकडे २५ मिळवले की (२ क्ष अधिक ५) चा वर्ग ८१ होतो, आणि एक मूळ २ मिळते. सूत्रात छेदाला ‘२अ’ कोठून येतो आणि विवेचकात (वर्गमुळाखालील राशीत) ‘४अक’ का असतो, हे या एका उदाहरणात उलगडते. बाईंनी त्यानंतर सूत्र फळ्यावर लिहिलेच नाही. मुलांनी ते वहीत स्वतः मिळवले.

२६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

अर्थनियोजन. भूमितीशी या प्रकरणाचा संबंध नाही, त्यामुळे प्रकल्पात ते खरे तर येत नाही. तरी एक नोंद आवश्यक आहे. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि बहुतेक वस्तूंसाठी १२ व २८ टक्क्यांचे टप्पे गेले. पुस्तकातील उदाहरणे मात्र जुन्या दरांची आहेत. पुस्तकातील उदाहरणे आहेत तशीच सोडवायची, कारण परीक्षेत दर प्रश्नातच दिलेला असेल, आणि जोडीला घरातील बिले तपासायची, असे ठरले.

कंपासपेटीवरील कर १२ वरून ५ टक्के झाला, तर वह्या आणि पेन्सिली करमुक्त झाल्या. करपात्र मूल्य १०० रुपये असलेली कंपासपेटी ११२ वरून १०५ ला यायला हवी. ‘सात टक्के स्वस्त’ असे सगळ्यांनी एकसुरात सांगितले. सात रुपये खरे, पण ११२ वर सात म्हणजे ६.२५ टक्के. शेकडेवारी कशावर, हा प्रश्न आठवीपासून विचारला जातो आणि दहावीतही तो पुन्हा विचारावा लागतो.

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

त्रिकोणमिती. चढ म्हणजेच कोनाचे टॅन गुणोत्तर, हे जुलैमध्ये न सांगता शिकवून झालेले होते, त्यामुळे नव्या नावापलीकडे फारसे शिकवावे लागले नाही. उताराचे ४५२ आणि ४५० हे आकडेही बाहेर काढले. कोन लहान असला की साइन आणि टॅन जवळजवळ सारखे येतात, ही अर्धवट राहिलेली चर्चा पूर्ण झाली.

मैदानावर जाऊन शाळेच्या पाण्याच्या टाकीची उंची मोजली. साधन घरगुती : कोनमापक, त्याच्या सरळ कडेला चिकटवलेली शीतपेयाची नळी, आणि मध्यबिंदूतून सोडलेल्या दोऱ्याला लोखंडी नट. नळीतून टाकीचा माथा पाहायचा आणि जोडीदाराने दोरा कुठे स्थिर झाला ते वाचायचे. पुस्तकात ३०, ४५ आणि ६० अशा ठरावीक कोनांच्याच किमती असल्यामुळे बाईंनी उलटा मार्ग घेतला. उन्नत कोन मोजत न बसता तो ४५ अंश होईपर्यंत मागे चालत जायचे. त्या जागेपासून टाकीच्या पायथ्यापर्यंतचे अंतर १५.२ मीटर भरले. त्यात डोळ्यांची उंची १.४ मिळवून १६.६. दुसरा गट ३० अंशांपर्यंत मागे गेला, तेव्हा अंतर २६.१ आले आणि उंची १६.५. दोन गटांत दहा सेंटिमीटरचा फरक पडल्यावर चूक कोणाची यावरून वाद सुरू झाला. तेव्हा बाईंनी ४६ अंशांची किंमत देऊन हिशेब करायला लावला. दोरा वाचताना एका अंशाची चूक झाली, तर उंचीत अर्ध्या मीटरहून अधिक फरक पडतो. वाऱ्याने हलणाऱ्या दोऱ्याने दहा सेंटिमीटरचा मेळ जमला, हेच विशेष होते.

१७ जानेवारी २०२६, शनिवार

महापालिका निवडणुकीच्या कामात आठवड्याचे बरेच तास गेले. आज दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्मदिवस. १९०५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणूला जन्मलेले कापरेकर निवृत्त होईपर्यंत देवळालीच्या शाळेत शिकवत होते आणि त्यांचे बरेचसे संशोधन नोकरी सांभाळून झाले. त्यांची ६१७४ ही संख्या (‘कापरेकर स्थिरांक’) मुलांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती डेम्लो संख्या. हे नाव त्यांनी एका स्थानकावरून ठेवले, आणि ते स्थानक म्हणजे आजची डोंबिवली. कळव्यापासून चार स्थानके पुढे असलेल्या गावाचे नाव गणितात आहे, याचे मुलांना फार अप्रूप वाटले.

१११ चा वर्ग १२३२१ येतो आणि ही एक डेम्लो संख्या आहे. का, हे बाईंनी बीजगणिताने विचारले : क्ष च्या जागी १० घेतले, तर १११ म्हणजे क्ष-वर्ग अधिक क्ष अधिक १, या त्रिपदीचा वर्ग चौकटीत मांडला, तर तीन बाय तीनची जाळी मिळते आणि तिच्या तिरप्या ओळींतील घरे मोजली की १, २, ३, २, १. तोच सहगुणकांचा क्रम, तेच अंक. दहा वेळा १ लिहून वर्ग केला तर नमुना का मोडतो, हेही जाळीवरूनच दिसते : मधल्या तिरप्या ओळीत दहा घरे येतात आणि हातचा घ्यावा लागतो. अभ्यासक्रमात नसलेल्या गोष्टीवर जानेवारीत एक तास खर्च केल्याबद्दल एका पालकांनी नाराजी कळवली आहे. बाईंनी त्यांना शाळेत बोलावून तीच जाळी दाखवली.

६ फेब्रुवारी २०२६, शुक्रवार

सराव परीक्षेचे दोन्ही पेपर तपासून झाले. मंडळाची परीक्षा २० तारखेला सुरू होत आहे.

समरूपता, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती यांत कारणे लिहिण्याचे प्रमाण स्पष्ट सुधारले आहे. तीन बिंदू एकरेषीय आहेत का, या प्रश्नात काही मुलांनी अंतराच्या सूत्राऐवजी चढ वापरला आणि दोन ओळींत उत्तर दिले. बीजगणितात क्रेमरच्या पद्धतीत चिन्हांच्या चुका पूर्वीइतक्याच आहेत. आलेख समजला म्हणून वजाबाकी सुधारत नाही.

वर्तुळाचे प्रकरण मात्र कच्चे राहिले. डिसेंबरमध्ये ते घाईत उरकावे लागले आणि स्पर्शिका-छेदिकेच्या प्रमेयावरील प्रश्न दोन्ही तुकड्यांत बहुतेकांनी सोडून दिला. मी जूनमध्ये घेतलेला आक्षेप वेळेपुरता होता. बाईंनी आज त्याहून नेमके कारण दाखवले. वर्तुळात परस्परांना छेदणाऱ्या जीवांचे प्रमेय आणि स्पर्शिका-छेदिकेचे प्रमेय, दोन्हींची सिद्धता कोको कसोटीनेच होते. म्हणजे ज्या गुणोत्तरासाठी सगळा क्रम बदलला, त्याच गुणोत्तराचा वर्तुळातला भाग आम्ही सहा महिने बाजूला ठेवला होता. पुढील वर्षी समरूपतेनंतर जुलैमध्येच वर्तुळातील अंतर्लिखित कोन आणि ही दोन प्रमेये घ्यायची, चढ त्यानंतर. स्पर्शवर्तुळे आणि रचना दिवाळीनंतर राहतील. नववीत वर्तुळाची जीवांवरील प्रमेये पहिल्या सत्रात संपवता येतील का, हे नववीच्या शिक्षकांशी बोलून मार्चअखेर ठरवायचे आहे.